सेकंडहँड मिनी कूपर एसई: बेळगावात रोज चालवायला कशी आहे?

बेळगावात राहून महाराष्ट्र पासिंगची जुनी इलेक्ट्रिक गाडी घ्यायची असेल, तर बॅटरीच्या आधी टॅक्स बघा. सीए आहे म्हणून असं बोलते असं वाटेल, वाटू दे. माझी गाडी बघून लोक पहिल्यांदा विचारतात ते बॅटरी किती उरली आहे हेच. बॅटरी ठणठणीत निघाली. घाम फुटला तो आरटीओच्या एजंटाने वहीच्या पानावर लिहून दिलेल्या आकड्याने.

गाडी मिनी कूपर एसई, तीन दारांची, २०२२ ची. भारतात ती फेब्रुवारी २०२२ मध्ये आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत ४७ लाख २० हजार होती, आणि ऑक्सफर्डच्या कारखान्यातून तयार होऊनच यायची. ही कोल्हापूरच्या एका घरातली, एमएच-०९. त्यांची ती तिसरी गाडी, त्यामुळे फिरली फार कमी. मागितले ३४, ठरले ३१.

माझा धाकटा भाऊ उद्यमबागेत मशीन शॉप चालवतो. त्याने आकडा ऐकला आणि म्हणाला, "आक्का, गाडी देखणी हाय, खरं एकतीस लाखात मागं दारसुद्धा न्हाई? तेवढ्यात महिंद्राची बीई ६ नवी करकरीत येती, वर पैसे उरतात."

हिशेबाने त्याचं शंभर टक्के बरोबर आहे. बीई ६ बाजारात आली तीच १८ लाख ९० हजारांपासून, आणि तिच्यात ५९ युनिटची बॅटरी. मिनीत ३२.६ ची, त्यातली वापरायला मिळते २८.९. नुसतं घर ते ऑफिस करायचं तर टियागो ईव्हीसुद्धा पुरते. मला मिनीच हवी होती. हौसेचं समर्थन ताळेबंदात करता येत नाही, फक्त नोंद करता येते.

आता त्या वहीच्या पानाकडे. पहिल्या मालकांनी ही गाडी घेतली तेव्हा महाराष्ट्रात इलेक्ट्रिक गाडीला रोड टॅक्स माफ होता. कर्नाटकातही २०१६ पासून माफी होती आणि आपल्याकडे बऱ्याच जणांच्या डोक्यात अजून तीच बसलेली आहे. २०२४ मध्ये इथला नियम बदलला: २५ लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाडीला किमतीच्या १० टक्के आजीवन कर. किंमत म्हणजे नव्या गाडीची. तुम्ही ती जुनी म्हणून कितीला उचलली याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. ४७ लाख २० हजारांचे १० टक्के म्हणजे ४ लाख ७२ हजार. गाडीच्या वयाप्रमाणे त्यातून सूट मिळते. ती धरूनही एजंटाचा आकडा साडेतीन लाखांच्या पुढे गेला. तेच पान मी मालकांच्या टेबलावर ठेवलं, आणि ३४ चे ३१ झाले ते त्या पानामुळे. घासाघीस करताना रंगावरचे ओरखडे दाखवून कोणी तीन लाख सोडत नाही.

"एमएचवरच फिरव की, कोण विचारतंय," हा सल्ला देणारे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. निपाणीपासून चंदगडपर्यंत घरटी एक केए आणि एक एमएच गाडी उभी दिसते, त्यामुळे त्यांचंही चुकत नाही. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवली तर तिथे नवा नंबर घ्यावाच लागतो. माझं घर, ऑफिस, मतदार यादी सगळं बेळगावात. दुसऱ्यांच्या कागदांवर सही करून पोट भरणाऱ्या बाईने स्वतःचे कागद लटकत ठेवणं शोभत नाही.

कागद असे: कोल्हापूर आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, हस्तांतराचे २९ आणि ३०, मालकांचं कर्ज होतं म्हणून बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५, मग इथे नव्या नंबरासाठी २७. थेट मालकांकडून घेतली म्हणून जीएसटी लागला नाही. डीलरकडून घेतली असती तर त्याच्या नफ्यावर १८ टक्के, आणि तेही फिरून आपल्याच खिशातून. विम्याचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, जुन्या मालकाबरोबर जातो. हे विक्रेते सांगत नाहीत, कारण त्यांनाही ठाऊक नसतं.

टोकन दिल्यावर मालकांनी गाडी शनिवार-रविवार आमच्याकडे ठेवायला दिली, आणि हीच खरी परीक्षा. कोल्हापुरात फुल चार्ज केली, ट्रिप मीटर शून्यावर आणला आणि हायवेने निघालो. एसी चालू, भाऊ शेजारी, वेग ऐंशी-नव्वद. कागल, निपाणी, मग तवंदी घाट, संकेश्वर, हत्तरगी, काकती. घरी पोचलो तेव्हा ११० किलोमीटर झाले होते आणि बॅटरी ४० टक्के. सरासरी खप दाखवत होता दर शंभर किलोमीटरला १५.४ युनिट.

आता पाढे म्हणा. ११० किलोमीटरला १५.४ च्या हिशेबाने लागली १६.९ युनिट. ती जर बॅटरीचे ६० टक्के असतील, तर पूर्ण बॅटरी २८.२ ची. नवी होती २८.९ ची. म्हणजे घट दोनेक टक्क्यांची. मीटरची थोडी इकडेतिकडे धरली तरी बॅटरी चांगली आहे हे कळायला एवढं पुरतं, आणि याला कुठलं यंत्र लागत नाही. फक्त निदान निम्मी बॅटरी उतरेल एवढं अंतर चालवा. दहा किलोमीटरच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये हे गणित जमत नाही. विक्रेता एवढं चालवू देत नसेल तर सर्व्हिस सेंटरचा बॅटरी रिपोर्ट मागा, आणि तोही देत नसेल तर चहा पिऊन घरी या. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षांची आहे, पुस्तिकेत किलोमीटरची मर्यादाही आहे, दोन्ही बघून घ्या.

याच आकड्यांवरून रेंजचाही निकाल लागतो. कंपनीचा दावा २७० किलोमीटरचा. शहरात मला १८० पर्यंत मिळतात, हायवेवर मी दीडशेच धरते. कोल्हापूरला जाऊन एका दमात परत येणं नाही. तिथे जेवताना चार्जिंगला लावावी लागते. डीसी, म्हणजे बाहेरचं जलद चार्जिंग, ५० किलोवॅटपर्यंतच घेते, ८० टक्क्यांना साधारण ३६ मिनिटं असं कंपनी सांगते, आणि चार्जर १२० चा असला तरी हिला काही फरक पडत नाही. बाहेर युनिटला अठरा ते पंचवीस रुपये पडतात. पंचवीसने भरलं तर किलोमीटरला चार रुपये सहज जातात, आणि पेट्रोलवरची आमची जुनी छोटी गाडीही फार मागे राहत नाही. मजा घरच्या विजेवर आहे.

भावाने सोमवारी गाडी त्याच्या ओळखीच्या गॅरेजात लिफ्टवर चढवली. मिनीची बॅटरी इंग्रजी 'टी'च्या आकाराची, मधल्या बोगद्यातून मागच्या सीटखाली पसरलेली. पेट्रोलच्या कूपर एसपेक्षा गाडी १८ मिलिमीटर उंच ठेवली आहे, ती याच पोटातल्या ऐवजासाठी. खालच्या आवरणावर पुढच्या बाजूला दोन समांतर ओरखडे होते, स्पीडब्रेकरचे. मिस्त्रीने टॉर्च धरून बोट फिरवलं, नख अडकतंय का बघितलं, कडेचे सगळे बोल्ट एकेक करून पाना लावून तपासले. एक बोल्ट बाकीच्यांपेक्षा नवा आणि चकचकीत. "हा कोणीतरी काढून बसवलाय, आवरण उतरवलंय एकदा," तो म्हणाला. मालकांना फोन लावला. सर्व्हिसला आवरण काढल्याची नोंद बिलात होती, बिलाचा फोटो लगेच आला. नसता आला तर मी व्यवहार थांबवला असता. पेट्रोल गाडीत पोटाला खरचटलं तर आपण दुर्लक्ष करतो. इथे त्या पोटातच निम्मी किंमत आहे.

मग टायर. २०५/४५ आर १७, रन-फ्लॅट. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पुढच्या दोन्ही टायरवर १४२२, म्हणजे २०२२ चा चौदावा आठवडा. मागचेही त्याच वयाचे, पण पुढचे जास्त झिजलेले, कारण सगळा जोर पुढच्या चाकांवर आणि सिग्नल सुटला की २७० न्यूटन मीटरचा धक्का एकदम बसतो. कडेला केसाएवढ्या भेगा दिसायला लागल्या होत्या. एका टायरचा भाव वीस हजारांच्या पुढे सांगितला, आणि तोही मागवावा लागतो. ही गोष्ट मी ३१ मध्ये धरली नव्हती, वर चारही टायरचे वेगळे धरले.

स्टेपनी नाही. पंक्चर झालं तरी रन-फ्लॅटवर ऐंशीच्या वेगाने ऐंशी किलोमीटर जाता येतं असं गणित आहे. खानापूर ते बेळगाव २६ किलोमीटर, त्यामुळे रोजच्याला चिंता नाही. पण कोपऱ्यावरचा पंक्चरवाला या टायरला हात लावायला तयार होत नाही; कडा इतकी टणक की त्याच्या यंत्रावर रिमवरून सुटत नाही.

चालवायला कशी आहे हे मी मुद्दाम इतक्या उशिरा लिहिते आहे, कारण एकदा चालवली की वरचं सगळं विसरायला होतं. माझा रोजचा फेरा टिळकवाडीतून निघतो: कॅम्पातलं ऑफिस, दुपारी उद्यमबाग किंवा मच्छे, संध्याकाळी शहापूरला सासूबाईंकडे. चाळीसेक किलोमीटर. लांबी ३.८५ मीटर, म्हणजे शहापूरच्या गल्लीत दुसऱ्या कोणाच्या दारात न जाता वळवता येते. यलो टॉगल, म्हणजे पिवळा खटका, दाबला की गाडी 'चालू' होते, म्हणजे काहीच होत नाही, फक्त पडदा उजळतो. शेजारी दुसरा टॉगल आहे, तो रिजनचा, म्हणजे पाय उचलल्यावर गाडी किती जोरात आवरायची ते ठरवणारा. जास्तवर ठेवला की गोवावेस सर्कलपासून दुसऱ्या रेल्वे गेटापर्यंत ब्रेकला पाय लागत नाही. पहिले दोन-तीन दिवस मान पुढे-मागे होते, बरोबरच्याची जास्त. मग पायाला समजतं. गेट पडलेलं असलं की आजूबाजूच्या गाड्या घरघरत असतात आणि आपल्याला शेजारच्या रिक्षातलं भांडण स्वच्छ ऐकू येतं. खडे बाजारात मात्र हॉर्न जास्त वाजवावा लागतो. मागून गाडी आली हे कोणाला कळतच नाही.

शून्य ते साठला ३.९ सेकंद. फ्लायओव्हरवर चढताना मागचा बुलेटवाला आरशात छोटा होतो, तेव्हा पन्नाशीतल्या बाईला जे वाटायचं ते वाटतं. याहून जास्त लिहीत नाही.

सस्पेन्शन कडक आहे. टायर टणक, वर बॅटरीचं वजन. बेळगावच्या पांढरा पट्टा न मारलेल्या स्पीडब्रेकरवर ते मणक्याला कळतं. पावसाळ्यात खानापूर रोडला खड्डा पाण्याखाली असतो, तिथे मी चाळीसच्या वर जात नाही. माझ्या काजू कारखान्यांच्या क्लायंटपैकी काहींची वाट कच्ची आहे. तिथे अजून जुनी गाडीच नेते. ही गाडी घरातली एकमेव गाडी म्हणून घेऊ नका, हे मी कोणालाही बिनदिक्कत सांगेन.

मागची सीट दोघांची. सासूबाई एकदा बसल्या. पुढची सीट कलवली, त्यांनी पदर खोचला, आत गेल्या आणि म्हणाल्या, "आलं की आत. आता बाहेर काढायचं तुझ्याकडं." तेव्हापासून त्या पुढे बसतात. डिकी २११ लिटरची. शनिवारच्या बाजाराच्या दोन पिशव्या आणि लॅपटॉप, झालं. सीट पाडली तर बासमतीचं पोतं मावतं. फोनचे नकाशे गाडीच्या पडद्यावर आणायला आयफोन असेल तर कारप्ले चालतं, अँड्रॉइड ऑटो नाहीच. माझा फोन अँड्रॉइड. ब्लूटूथवर गाणी लागतात, रस्ता मला पाठ आहे.

चार्जिंगला भिंतीवरचा ११ किलोवॅटचा डबा गाडीबरोबर आला. त्याला थ्री-फेज लागतं. आमचं घर सिंगल फेज, मंजूर भार ३ किलोवॅट. डबा अजून खोक्यातच आहे. रोज चाळीस किलोमीटरला सात-आठ युनिट लागतात, ती साध्या १५ अँपिअरच्या प्लगवरून तीन-चार तासांत भरतात. रात्री लावायची, सकाळी काढायची. जे रोज शंभरच्या पुढे चालवतात त्यांनी भार वाढवून घ्यावा. बाकीच्यांनी त्या डब्याच्या मोहात पडू नये.

पण प्लगला अर्थिंग हवं, आणि जुन्या घरांत तेच नसतं. पहिल्या रात्री केबल लावली तर गाडीने चार्जिंग नाकारलं. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन आला, टेस्टर लावला आणि हसला. आमच्या वडिलोपार्जित घराची अर्थिंगची तार बागेत कुठेतरी संपत होती, नक्की कुठे ते कोणालाच माहीत नाही. मग पेरूच्या झाडाजवळ खड्डा खणला, जीआय पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि खडे मीठ थर देऊन भरलं, वर पाणी ओतायला नरसाळं ठेवलं. एप्रिल-मे मध्ये आठवड्यातून एकदा तिथे बादलीभर पाणी घालायचं, हे काम आता आमच्या ह्यांच्याकडे आहे. गाडी घेण्याच्या आधी पार्किंगमधल्या प्लगचं अर्थिंग तपासून घ्या. दोनशे रुपयांत कळतं.

विजेचं बिल. घरची वीज युनिटला सहा रुपयांच्या आसपास पडते, त्या हिशेबाने किलोमीटरला रुपयाच. मात्र कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेचं लक्षात ठेवा. महिन्याला २०० युनिटच्या आत राहिलात तर आधीच्या सरासरीप्रमाणे माफी, ओलांडली की पूर्ण बिल. गाडी एकटी महिन्याला दोनशे युनिट ओढते. आमची माफी गेली, आणि एकतीस लाखांची गाडी दारात लावून ती चालू राहिली असती तर मला क्लायंटसमोर बसवलं नसतं. ऑफिससाठी वापरते म्हणून आयकरात घसारा मात्र रीतसर घेते: इलेक्ट्रिक गाडीला ४० टक्के, पेट्रोलच्या गाडीला १५. खासगी वापराचा भाग त्यातून वगळायचा, हे विसरू नका.

गोव्याचं विचारणारे बरेच. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट असा रस्ता. उतरताना गाडी चार्ज होत जाते, गोव्यातल्या साखळी गावात पोचल्यावर टक्का बघून माणूस खूश होतो. परत येताना तो खूश राहत नाही. समुद्रसपाटीपासून बेळगाव साडेसातशे मीटर उंच. माणसांसकट सोळाशे किलोची गाडी तेवढी वर चढवायला नुसत्या चढाचेच सव्वातीन युनिट लागतात, म्हणजे बॅटरीचा दहावा हिस्सा, अंतराचा खप वेगळा. त्यामुळे पणजीतून निघताना ९० च्या खाली निघत नाही. हवा मात्र आपल्या बाजूने आहे. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात, इथे वर्षातले बरेच महिने एसी एकवर ठेवून भागतं, बॅटरीही तापत नाही.

मिनीचं वर्कशॉप बेळगावात नाही. पुणे साडेतीनशे किलोमीटर, बंगळूर पाचशे. इंजिन ऑइल, क्लच, बेल्ट यातलं काहीच नसल्याने सर्व्हिसला काम थोडंच असतं, पण सॉफ्टवेअरचा दिवा लागला तर इथला मिस्त्री हात जोडतो. गाडी उचलून नेणाऱ्या ट्रकचा, म्हणजे फ्लॅटबेडचा, खर्च विम्यात बसतो का, किती किलोमीटरपर्यंत बसतो, हे पॉलिसी घेतानाच वाचा. माझ्या पहिल्या कोटेशनमध्ये मर्यादा पन्नास किलोमीटरची होती, म्हणजे गाडी संकेश्वरात उतरवून ठेवतील. ती बदलून घेतली.

आणि पूर्ण पैसे देण्याआधी डिकी उघडून १५ अँपिअरची केबल, बाहेरच्या एसी चार्जरला लावायची जाड टाइप २ केबल आणि दोन्ही किल्ल्या समोर ठेवायला लावा. माझ्या व्यवहारात जाड केबल मालकांच्या शेतावरच्या घरी राहिली होती. ती हातात येईपर्यंत शेवटचे पन्नास हजार मी दिले नाहीत. एनओसीचं मूळ पत्रही त्याच दिवशी, झेरॉक्स नको.